दुसरं पॅनेल: फाइल मॅनेजर बदलणाऱ्या माणसांचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींनी मला विचारलंच, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाला फाइल मॅनेजरशी काय करायचंय? प्रश्न रास्त आहे. पण वर्गात मी आयुष्यभर एकच प्रश्न निरनिराळे कपडे घालून शिकवला आहे. जे दिसतं ते आणि जे आहे ते, यांचा संबंध काय? आणि कॉम्प्युटरवर हा प्रश्न तुम्ही रोज, दिवसातून पन्नास वेळा, माऊसने क्लिक करता.

आता बघा. तुम्ही कॉम्प्युटर उघडता, एक पिवळा फोल्डर दिसतो, त्यावर दोनदा टिचकी मारता, आतल्या फाइली दिसतात. तुम्हाला वाटतं, डिस्कच उघडली. प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम उघडलेला असतो. विंडोजवर त्याचं नाव एक्सप्लोरर, मॅकवर फाइंडर. तो वर्डसारखाच, कॅल्क्युलेटरसारखाच एक प्रोग्रॅम आहे. डिस्कवर पिवळा फोल्डर कुठेही नाही. तिथे आहेत नंबर दिलेले तुकडे, आणि कोणता तुकडा कोणत्या नावाचा याची एक नोंदवही. याचा पुरावा तुम्ही घरी पाहू शकता. दोन जीबीचा लग्नाचा व्हिडिओ त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, क्षणात हलतो. तोच पेन ड्राइव्हवर टाका, चहा होऊन जातो. का? पहिल्या वेळी काहीच हललेलं नसतं. फक्त नोंदवहीतली ओळ बदललेली असते.

माझं म्हणणं असं आहे, की कॉम्प्युटरबरोबर आलेला फाइल मॅनेजर तुम्हाला तुमच्या फाइली जशाच्या तशा दाखवत नाही. तुमचं काम काय स्वरूपाचं आहे याबद्दलचं बनवणाऱ्याचं एक मत तो दाखवतो. आणि जगात काही माणसं अशी निघाली की ज्यांनी ते मत नाकारलं, स्वतःचं दुसरं लिहिलं आणि मूळच्या जागी बसवलं. आज त्यांचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात करू डॉसपासून. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर ही झाडासारखी रचना त्याच्याही आधीची. मल्टिक्स नावाच्या मोठ्या यंत्रणेसाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी १९६५ मध्ये ती मांडली, तिथून ती युनिक्समध्ये आली. पण घरगुती आणि ऑफिसातल्या पीसीवर ती आली १९८३ मध्ये, डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर. त्याआधीच्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, सगळ्या फाइली एका ओळीत. फ्लॉपीपुरतं ते चालून जायचं. हार्ड डिस्क आली आणि गोंधळ सुरू झाला. काळा पडदा, त्यावर सी-प्रॉम्प्ट, आणि पुढे लुकलुकणारी रेघ. काय कुठे आहे हे विचारल्याशिवाय पडदा काही सांगत नसे, आणि विचारायचं तर आज्ञा तोंडपाठ हव्यात. इथे उपस्थित असलेल्या साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल, चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं आणि डीआयआर टाइप करायचं.

म्हणजे डिफॉल्ट फाइल मॅनेजर असा नव्हताच. जागा रिकामी होती. आणि रिकाम्या जागेवर जो तो आपलं दुकान मांडतो. १९८५ च्या एप्रिलमध्ये एक्सट्री नावाचा प्रोग्रॅम आला, त्याने पडद्यावर झाड काढून दाखवलं. आणि १९८६ मध्ये आला नॉर्टन कमांडर. आजच्या गोष्टीचा मूळपुरुष हाच.

नाव नॉर्टनचं असलं तरी लिहिला जॉन सोचा या माणसाने. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना, १९८४ मध्ये, त्याने हे काम सुरू केलं होतं. पीटर नॉर्टन यांच्या कंपनीने ते बाजारात आणलं. निळा पडदा, आणि त्यावर शेजारीशेजारी दोन पॅनेलं. डावीकडे एका फोल्डरातली यादी, उजवीकडे दुसऱ्या फोल्डरातली. टॅब दाबला की इकडून तिकडे. खाली बटणांची ओळ: एफ५ म्हणजे कॉपी, एफ६ म्हणजे हलवा किंवा नाव बदला, एफ७ म्हणजे नवा फोल्डर, एफ८ म्हणजे पुसा. आणि सगळ्यात तळाशी सी-प्रॉम्प्ट तसाच ठेवलेला, ज्याला आज्ञा द्यायचीच हौस आहे त्याच्यासाठी.

इथे थोडं थांबू. दोनच पॅनेलं का? चार का नाहीत, एक का नाही?

आपल्याकडच्या वैशेषिकांनी कर्माची, म्हणजे गतीची, व्याख्या करताना फार नेमकं सांगितलं आहे. कर्म हे संयोग आणि विभाग यांचं कारण. वस्तू हलते म्हणजे काय होतं? एका जागेपासून तिचा विभाग होतो, दुसऱ्या जागेशी संयोग होतो. दोन जागा मानल्याशिवाय गती सांगताच येत नाही. सोचाने वैशेषिक सूत्रं वाचली असतील असं मला मुळीच सुचवायचं नाही. पण त्याला तेच उमगलं होतं. फाइलींचं काम म्हटलं की बहुतेक वेळा ते इथून तिथे असतं. मग 'इथे' आणि 'तिथे' दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर हवेत. यादीत कर्सर फाइलीवर ठेवा, एफ५ दाबा, कुठे जाणार आहे ते समोरच्या पॅनेलमध्ये दिसतंच आहे. पोचली का, तेही दिसतं.

याच्या नेमकं उलट मत १९८४ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशवर मांडलं गेलं होतं. ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिलेला फाइंडर. त्याचं मत असं, की फोल्डर म्हणजे टेबलावरची एक वस्तू. उघडली की तिची खिडकी होते. खिडकी जिथे ठेवाल तिथेच पुढच्या वेळी उघडेल, आतली चित्रं जशी मांडाल तशीच राहतील. खिडकी म्हणजेच फोल्डर. फार सुंदर कल्पना, मी अजिबात उपहासाने बोलत नाही. कपाटातल्या वस्तूंची आपल्याला जागेवरून आठवण असते; पुण्याच्या पेशवे दप्तरातला रुमालसुद्धा जुना कारकून नंबरावरून कमी आणि जागेवरून जास्त ओळखत असणार. पण या मतात 'नेणं' ही क्रिया कुठे दिसते? ती हाताच्या ओढण्यात लपते. चित्र पकडा, ओढा, सोडा.

आणि इथे एक अडचण होते, ती आजपर्यंत आहे. ओढणं ही एकच कृती, पण अर्थ दोन. त्याच डिस्कवर ओढलंत तर फाइल हलते, मूळ जागी राहत नाही. दुसऱ्या डिस्कवर ओढलंत तर कॉपी होते, मूळ तशीच राहते. मॅकवर असं आहे आणि विंडोजवरही असंच आहे. ज्याने हे ठरवलं त्याच्याकडे तर्क आहे, पण वापरणाऱ्याच्या हाताला फरक काहीच जाणवत नाही. ज्याचे प्रबंधाचे कागद 'पेन ड्राइव्हवर टाकले होते पण इथेही होते' किंवा 'इथून गेलेच' असं होतं, त्याला विचारा. नॉर्टनमध्ये एफ५ वेगळा, एफ६ वेगळा. बोट कुठे ठेवता त्यावर अर्थ ठरतो, डिस्क कुठली त्यावर नाही. (मॅकवर तर फ्लॉपी बाहेर काढायची असेल तर ती कचरापेटीत ओढायची पद्धत होती. नवा माणूस घाबरायचाच.)

तर दोन मतं झाली. एकाच्या दृष्टीने फाइल ही जागेवरची वस्तू, दुसऱ्याच्या दृष्टीने फाइलीचं काम म्हणजे दोन जागांमधला संबंध. पुढची चाळीस वर्षं हीच दोन मतं एकमेकांना खो देत राहिली.

मायक्रोसॉफ्टने १९८८ मध्ये डॉसच्या चौथ्या आवृत्तीबरोबर स्वतःचं एक शेल दिलं. पण तोवर लोकांच्या बोटांना नॉर्टनची सवय लागली होती, आणि ती सवय जिथे सगळ्यात खोल रुजली ती जागा म्हणजे सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोप. तिथले कॉम्प्युटर लहान, मेमरी तुटपुंजी, आणि प्रोग्रॅम हातोहात फ्लॉपीवरून फिरायचे. मग तिथल्याच पोरांनी स्वतःचे लिहायला घेतले. कीव्हच्या व्हसेवोलोद व्होल्कोव्हने असेंब्ली भाषेत व्होल्कोव्ह कमांडर लिहिला. अख्खा प्रोग्रॅम ६४ केबीच्या आत, एकच फाइल. आज तुमच्या मोबाइलवर गुड मॉर्निंगचं गुलाबाचं चित्र येतं ते याहून जड असतं! मोल्डोव्हाच्या किशिनेव्हमध्ये डॉस नेव्हिगेटर तयार झाला. १९९६ मध्ये युजीन रोशाल या रशियन प्रोग्रॅमरने फार मॅनेजर आणला. हा तोच रोशाल, ज्याच्या नावावरून आरएआर या फाइलींच्या गाठोड्याला नाव मिळालं. २००७ मध्ये फार मॅनेजरचा सोर्स कोड खुला झाला आणि तो आजही वापरात आहे.

निकोलाय बेझरुकोव्ह नावाच्या लेखकाने या सगळ्या दोन-पॅनेली कुळाला एक नाव दिलं: ऑर्थोडॉक्स फाइल मॅनेजर. म्हणजे आपल्या भाषेत सनातनी. नावात थोडी थट्टा आहे आणि थोडा अभिमान.

मेक्सिकोतली शाखा मला जास्त रंजक वाटते. तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठातला विद्यार्थी मिगेल दे इकाझा याने १९९४ मध्ये युनिक्ससाठी मिडनाइट कमांडर लिहिला. तीच दोन पॅनेलं, तेच एफ५. याच इकाझाने पुढे १९९७ मध्ये लिनक्ससाठी ग्नोम हा डेस्कटॉप प्रकल्प सुरू केला, आणि त्यात पहिला फाइल मॅनेजर कोणता बसवला? मिडनाइट कमांडरचंच चित्रमय रूप. म्हणजे जो पर्याय होता तोच डिफॉल्ट झाला.

पण राज्य फार दिवस टिकलं नाही. मूळ मॅकिंटॉश बनवणाऱ्या मंडळींपैकी अँडी हर्ट्झफेल्ड आणि त्याचे सहकारी यांनी ईझल नावाची कंपनी काढली आणि ग्नोमसाठी नॉटिलस हा नवा फाइल मॅनेजर लिहिला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली मार्च २००१ मध्ये. कंपनी बंद पडली मे २००१ मध्ये. दोन महिने! कंपनी गेली, नॉटिलस राहिला आणि डिफॉल्ट झाला. २००४ मध्ये तर त्याने मॅकचं जुनं मत पुरतं स्वीकारलं, प्रत्येक फोल्डरची वेगळी खिडकी. लोक वैतागले. पडद्यावर खिडक्यांचा ढीग व्हायचा. २०१० मध्ये ते मागे घेतलं, आणि त्याच वेळी एफ३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतील अशी सोय आली. सनातन्यांनी सुटकेचा श्वास सोडला म्हणायचा. पुढे २०१२ मध्ये, साधेपणा हवा म्हणून, ते दुसरं पॅनेल काढून टाकलं.

आणि मग काय झालं? लिनक्स मिंटच्या लोकांनी नॉटिलसची आधीची आवृत्ती घेतली, तिला वेगळी फांदी फोडली, नाव ठेवलं नेमो, आणि दुसरं पॅनेल जपलं. आपल्या वितरणात त्यांनी नेमोलाच डिफॉल्ट केलं. तिकडे केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपने २००८ मध्ये डॉल्फिन हा फाइल मॅनेजर डिफॉल्ट केला. त्यात एफ३ आजही काम करतो. एका पॅनेलसाठी माणसं आख्खा प्रोग्रॅम वेगळा काढतात, हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. मला वाटत नाही. ज्याचं रोजचं काम त्या पॅनेलमधून चालतं, त्याच्या दृष्टीने ते काढणं म्हणजे सुताराच्या बाकाचा शेगडा काढून घेऊन 'बाक आता किती नीटनेटका दिसतो' म्हणण्यासारखं आहे.

हे सगळं शक्य झालं, कारण लिनक्सवर सोर्स कोड खुला. विंडोजवर गोष्ट वेगळी झाली.

विंडोज ३ बरोबर, १९९० मध्ये, फाइल मॅनेजर याच नावाचा प्रोग्रॅम आला होता. त्यात एकाच चौकटीत दोन फोल्डर शेजारी मांडता यायचे. साधा होता, पण समंजस. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि त्याची जागा एक्सप्लोररने घेतली. एक्सप्लोरर नुसता फाइली दाखवत नाही. खालचा टास्कबार, स्टार्ट बटण, मागचा डेस्कटॉप, हे सगळं तोच प्रोग्रॅम चालवतो. म्हणजे आधी फाइल मॅनेजर हा घरातला एक माणूस होता, आता तो घर झाला. तरीसुद्धा विंडोज ९५ मध्ये सिस्टिम डॉट आयएनआय या साध्या मजकुराच्या फाइलीत 'शेल' अशी एक ओळ होती. तिथलं एक्सप्लोररचं नाव खोडून दुसऱ्या प्रोग्रॅमचं लिहिलंत, तर कॉम्प्युटर सुरू होताना तो दुसरा प्रोग्रॅमच समोर यायचा. एका ओळीत सत्तांतर! किती जणांना ती ओळ माहीत होती, हा वेगळा प्रश्न.

याच काळातला एक डिफॉल्ट मला सगळ्यात गंभीर वाटतो. एक्सप्लोरर ओळखीच्या फाइलींचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबापुढे येणारी अक्षरं, लपवतो. डीओसी, टीएक्सटी, ईएक्सई. नावं नीट दिसावीत हा हेतू. पण ही फाइल उघडली तर नुसती वाचली जाईल की ती काही करू लागेल, हे त्याच अक्षरांवर ठरतं. नवशिक्याला जे सर्वात आधी कळायला हवं तेच झाकलं.

४ मे २००० ला जगभर एक ई-मेल पसरली. विषय: आय लव्ह यू. सोबत जोडलेल्या फाइलीचं नाव लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस. शेवटचं व्हीबीएस म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. पण ती शेवटची अक्षरं लपवली गेली की उरतं काय? डॉट टीएक्सटी. साधा मजकूर, निरुपद्रवी. लोकांनी उघडला. फिलिपिन्समधून निघालेला तो व्हायरस लोकांचे फोटो पुसून त्या जागी स्वतःची प्रत ठेवत गेला आणि पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला स्वतःला पाठवत गेला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला आपली ई-मेल काही काळ बंद ठेवावी लागली.

आता न्यायाने बोलायचं तर, दुसरा फाइल मॅनेजर बसवलेला असता म्हणून कोणी वाचला असता असं नाही. फाइल थेट ई-मेलच्या प्रोग्रॅममधून उघडली जात होती. मी म्हणतो ते सवयीबद्दल. नॉर्टनच्या कुळात एक्स्टेन्शन नेहमी दिसतं, बहुधा वेगळ्या रकान्यात. तिथे वाढलेल्या माणसाची नजर आधी शेवटच्या अक्षरांवर जाते. डिफॉल्टने वाढवलेल्या माणसाला ती अक्षरं असतात हेच माहीत नव्हतं. प्रमाणशास्त्रात आपण 'अनुपलब्धि' शिकवतो, दिसण्याजोगी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही असं जाणणं. इथे अनुपलब्धि कोणीतरी मुद्दाम तयार केली होती, भल्या हेतूने का होईना. आणि लक्षात घ्या, ते लपवणं विंडोजमध्ये आजही डिफॉल्ट आहे. घरी गेल्यावर बंद करून टाका, दोन क्लिकचं काम आहे.

विंडोजवरच्या सनातन्यांचा सर्वात चिवट प्रतिनिधी म्हणजे स्वित्झर्लंडचा क्रिस्टियन गिसलर. १९९३ मध्ये त्याने विंडोज कमांडर आणला. २००२ मध्ये 'विंडोज' या नावावर मायक्रोसॉफ्टने हक्क सांगितल्यावर नाव बदललं, टोटल कमांडर केलं. विकत न घेता चालू केलात तर तो एक लहान खिडकी दाखवतो: एक, दोन, तीन अशी बटणं, आणि अमुक नंबरचं दाबा म्हणून विनंती. नंबर बदलत राहतो. पैसे भरले की खिडकी जाते, आणि पुढच्या आवृत्त्या कायमच्या फुकट. इतकी सभ्य तगाद्याची पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. दोन फोल्डरांची तुलना, शेकडो फाइलींची नावं एका नियमाने बदलणं, झिप उघडून फोल्डरासारखं आत जाणं, हे त्यात सगळं आहे. विंडोज एक्सपीच्या एक्सप्लोररमध्ये हजार फाइली कॉपी करताना चारशेव्या फाइलीवर अडलं, तर सगळं काम तिथेच थांबायचं. उरलेल्या सहाशे तुम्ही शोधा. 'ही सोडा, पुढे जा' असा पर्याय एक्सप्लोररला व्हिस्टामध्ये सुचला. आणि एकाच खिडकीत टॅब यायला २०२२ उजाडलं. टोटल कमांडरमध्ये ते कितीतरी वर्षं आधीपासून होते. म्हणजे पर्याय वापरणारे थोडे असले तरी डिफॉल्टला शिकवत असतात, जरा उशिरा का होईना.

पण मूळचा काढून पूर्णपणे दुसरा बसवणं, हे खऱ्या अर्थाने केलं ऑस्ट्रेलियाच्या जोनाथन पॉटरने. त्याचा डिरेक्टरी ओपस १९९० मध्ये अमिगा या कॉम्प्युटरसाठी आला. पुढच्या आवृत्त्यांत तो अमिगाच्या वर्कबेंच नावाच्या मूळ डेस्कटॉपची जागाच घेऊ लागला. २००१ मध्ये तो विंडोजवर आला, आणि त्यात 'एक्सप्लोररऐवजी' अशी सोय दिली. ती चालते अशी: एखादा प्रोग्रॅम म्हणतो, 'हा फोल्डर उघडा'. विंडोज आपल्या नोंदवहीत बघतं, की फोल्डर उघडण्याचं काम कोणाकडे. तिथे एक्सप्लोररच्या जागी ओपसचं नाव लिहिलेलं असतं. मग कुठूनही फोल्डर उघडा, समोर येतो ओपस. टास्कबार मात्र एक्सप्लोररचाच राहतो. आणि वर्डमध्ये 'ओपन' म्हटल्यावर जी चौकट येते तीही विंडोजचीच. हद्द तिथे संपते.

आता कोणी म्हणेल, सर, एवढं चांगलं आहे तर सगळे का नाही बदलत? याचं सोपं उत्तर आळस, पण ते अपुरं आहे. डिफॉल्टचा एक मोठा गुण असतो, तो सगळीकडे सारखा असतो. सायबर कॅफेत, बँकेत, तहसील कचेरीत, मुलीच्या सासरी, कुठेही गेलात तरी तोच एक्सप्लोरर. आपल्या महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गात ज्यांनी पहिल्यांदा माऊस हातात धरला, त्यांच्या दृष्टीने कॉम्प्युटर म्हणजे तीच पिवळ्या फोल्डरांची खिडकी. ही सामाईक भाषा सोडणं सोपं नाही, आणि प्रत्येकाने सोडावी असंही मी म्हणणार नाही. शिवाय ताकदीचं हत्यार पुसतंही ताकदीने. एका नियमाने पाचशे नावं बदलता येतात तशीच एका चुकीच्या नियमाने पाचशे बिघडतात.

आणि पर्याय नेहमीच पुढारलेला असतो असंही नाही, हे मराठी माणसाने तरी विसरू नये. विंडोज २००० पासून देवनागरीत फाइलींची नावं देता येऊ लागली. पण दोन-पॅनेली जुने प्रोग्रॅम युनिकोड जाणत नव्हते. 'आईची पत्रे' असं नाव दिलेली फाइल तिथे नुसती प्रश्नचिन्हांची ओळ दिसायची. एक्सप्लोररमध्ये व्यवस्थित. टोटल कमांडरला हे पूर्णपणे जमलं ते २००९ च्या आवृत्तीत. इतकी वर्षं मराठी वापरणाऱ्याला शहाणा पण निरक्षर मॅनेजर किंवा साक्षर पण भोळा मॅनेजर यांतून निवड करावी लागत होती.

याच संदर्भात एक गंमत सांगतो, ती खास आपली आहे. आपला 'ऱ', 'दुसऱ्या'मधला. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे जोडून. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था नाव साठवताना अशा अक्षरांचे तुकडे करून साठवायची. विंडोज दिलं तसं ठेवतं. समजा तुमच्या मॅकवाल्या मित्राने 'दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना' ही फाइल झिपमध्ये बांधून पाठवली, आणि तुमच्या विंडोजवर त्याच नावाची फाइल आधीच आहे. एकाच फोल्डरात दोन फाइली सुखाने नांदतील, अक्षरन् अक्षर एकच दिसणाऱ्या नावांच्या. लायब्निझ म्हणतो, ज्या दोन गोष्टींत काहीच भेद करता येत नाही त्या दोन नसतात, एकच असतात. इथे डोळ्याला भेद नाही, यंत्राला आहे. यातली जुनी कोणती, नवी कोणती, हे एका यादीकडे टक लावून कळत नाही. दोन फोल्डर दोन पॅनेलांत लावून आतल्या मजकुराची तुलना करायला सांगितली, की मग यंत्र बोलतं. ज्याने वर्षभर एका मजकुरावर काम केलंय त्याला ही चैन वाटणार नाही.

शेवटचा मुद्दा मोबाइलचा, तो थोडक्यात सांगतो कारण अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. आयफोन २००७ मध्ये आला. त्यावर ॲपलचा स्वतःचा 'फाइल्स' हा ॲप आला २०१७ मध्ये. दहा वर्षं मत असं होतं, की फाइल ही गोष्ट वापरणाऱ्याने पाहण्याची गरजच नाही. फोटो फोटोंच्या ॲपमध्ये, पत्र पत्रांच्या. आजही तिथे तो 'फाइल्स' काढून दुसरा त्याच्या जागी बसवता येत नाही. अँड्रॉइड याबाबतीत मोकळं होतं, पण २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून फाइल मॅनेजरला सगळ्या फाइली पाहण्यासाठी खास परवानगी मागावी लागते, आणि काही फोल्डर त्यालाही बंद. यामागचं कारण खोटं नाही. टॉर्चचा ॲप तुमचे फोटो का वाचतो, हा प्रश्न बरोबरच होता. पण चोरासाठी लावलेलं कुलूप मालकाच्याही हातात राहिलं नाही. व्हॉट्सॲपवर आलेलं पीडीएफ 'कुठे आहे' असं विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणतो, 'व्हॉट्सॲपमध्ये'. त्याचं चूक नाही. त्याला जागा दाखवलेलीच नाही.

बाय द वे, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये तो १९९० चा जुना फाइल मॅनेजर सोर्स कोडसह खुला केला. आजच्या विंडोजवर तो चालतो, आणि त्यात दोन फोल्डर शेजारी मांडता येतात.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न 'मग कोणता घ्यावा' हाच असणार, म्हणून त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवतो. विंडोजवर पैसे द्यायचे नसतील तर डबल कमांडर पाहा, तो टोटल कमांडरच्या वळणाचा आहे आणि मोफत आहे. लिनक्सवर डॉल्फिन किंवा नेमो, दोन्हींत एफ३ दाबून बघा. पहिला आठवडा त्यात फक्त कॉपी करा, एफ८ ला हात लावू नका. हं, मागच्या रांगेतून हात वर आहे, विचारा.